फोन घेताना एआर किती पाहावं? काउंटरवर रोज येणारे प्रश्न

पुण्यात पासोड्या विठोबाच्या देवळापासून चार पावलांवर आमचं मोबाइल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "कॅमेरा किती मेगापिक्सेल?" मग "रॅम किती?" सुरू झालं. आता दिवसाला दोघं-तिघं तरी विचारतात, "यात एआर आहे का हो?" एवढ्याशा काउंटरवर, मागे रांग उभी असताना, याचं धड उत्तर देता येत नाही. अर्धवट उत्तर ऐकून लोक दहा-पंधरा हजार जास्त मोजतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून निवांत बसून लिहिलं आहे.

एआर म्हणजे नेमकं काय? व्हीआर तेच ना?

नाही. व्हीआरमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीत, डोळ्यांवर डबा चढवला की तुमची खोली दिसेनाशी होते आणि दुसरंच जग दिसतं. एआरमध्ये, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटीत, तुमचीच खोली दिसते, फक्त तिच्यात नसलेली एखादी वस्तू आणून ठेवलेली असते. पुस्तकी मराठीत याला 'संवर्धित वास्तव' म्हणतात. दुकानात मात्र कुणी तसं म्हणत नाही, सगळे एआरच म्हणतात.

हा शब्द १९९० च्या सुमारास बोइंग या विमानाच्या कंपनीतल्या टॉम कॉडेल यांनी रूढ केला. विमानातल्या वायरींच्या जुड्या बांधताना कामगाराला नकाशा डोळ्यांसमोरच दिसावा, अशी ती कल्पना होती. म्हणजे याचा जन्म खेळासाठी नाही, कारखान्यातल्या कामासाठी झाला. चाकण-भोसरीच्या कारखान्यांतल्या लोकांना मी हे आवर्जून सांगतो.

खरं एआर ओळखायची खूण सोपी आहे. स्क्रीनवर खुर्ची दिसली की तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घाला. खुर्ची जागची हलली नाही आणि तिची मागची बाजू दिसली, तर ते एआर. तुम्ही फिराल तशी तीही फिरत राहिली, तर ते फोटोवर चिकटवलेलं चित्र.

माझ्या फोनमध्ये चालेल का?

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१६ च्या जुलैत परदेशात पोकेमॉन गो हा खेळ आला. फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की समोरच्या जागेत पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी दिसायचे. भारतात तो अधिकृतपणे डिसेंबरात आला, पण आपली पोरं त्याआधीच ॲपची फाइल कुठून कुठून मिळवून खेळत होती. एक दिवस एक कॉलेजचा मुलगा नवाकोरा फोन घेऊन आला. "काका, मित्राच्या फोनमध्ये पोकेमॉन संभाजी बागेतल्या बाकावर बसलेला दिसतो. माझ्या फोनमध्ये नुसतं हिरवं गवत काढलेलं दिसतं. रिपेअर करून द्या." मी फोन उघडायलाही घेतला नाही, कारण त्यात बिघाड नव्हताच. त्यात जायरोस्कोप नव्हता. त्या आठवड्यात अशीच तक्रार घेऊन आणखी पाच-सहा जण आले आणि बॉक्सवर हे कुठेच लिहिलेलं नसतं, हे तेव्हा माझ्या पक्कं लक्षात आलं.

फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर बहुतेक असतोच. फोन कुठल्या बाजूला कलला ते तो सांगतो, म्हणून स्क्रीन आडवी-उभी होते. जायरोस्कोप सांगतो की फोन किती वेगानं आणि किती अंशांत वळला. एआरला हे दोन्ही लागतात. कॅमेरा सेकंदाला साधारण तीस चित्रं काढतो, हे सेन्सर सेकंदाला शेकडो वेळा नोंद करतात, आणि दोन्हींचा मेळ घालून फोन स्वतःची जागा ठरवतो. जायरो नसला की मेळ बसत नाही. स्वस्त फोनमध्ये खर्च वाचवायला पहिल्यांदा याच्यावर कात्री चालते. काही फोनांत 'व्हर्च्युअल जायरोस्कोप' असतो. तो उरलेल्या सेन्सरांवरून अंदाज बांधतो. सेन्सरच्या यादीत नाव दिसतं, पण हात वळवला की चित्र मागून ओढल्यासारखं येतं.

जायरो असला तरी काम संपत नाही. अँड्रॉइडवर बहुतेक एआर ॲप्स गूगलच्या एआरकोअर या सॉफ्टवेअरवर चालतात, आणि गूगल एकेका मॉडेलचा कॅमेरा, सेन्सर आणि प्रोसेसर तपासून त्याला मान्यता देतं. म्हणूनच एकाच कंपनीच्या, जवळपास एकाच किमतीच्या दोन फोनांपैकी एकात एआर चालतं आणि दुसऱ्यात चालत नाही. आयफोनचं सोपं आहे. २०१७ मध्ये ॲपलनं एआरकिट हे स्वतःचं तसंच सॉफ्टवेअर आणलं, ते २०१५ च्या सिक्स-एसपासून पुढच्या फोनांवर चालू लागलं.

दुकानात उभ्या उभ्या कसं तपासायचं?

डेमो फोन हातात घ्या आणि यूट्यूबवर कुठलाही ३६० अंशांचा व्हिडिओ लावा. बोट न लावता फोन गोल फिरवा. चित्र हाताबरोबर गुळगुळीत फिरलं तर जायरो आहे. फक्त बोटानं ओढल्यावरच फिरत असेल तर नाही. सॅमसंगच्या फोनवर *#०*# आणि शाओमीच्या फोनवर *#*#६४८४#*#* डायल केलं की तपासणीचा मेनू उघडतो, त्यात सेन्सर दिसतात. प्ले स्टोअरमध्ये 'गूगल प्ले सर्व्हिसेस फॉर एआर' शोधा. फोन चालणारा नसेल तर तिथेच तसं लिहून येतं. या सगळ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. कुठल्याही दुकानदारानं त्याला हरकत घेऊ नये, आणि घेतली तर दुसरं दुकान पाहा.

सगळं असूनही वस्तू घसरते, तरंगते. फोन खराब आहे का?

बहुतेक वेळा फोन नाही, फरशी.

कोथरूडच्या एक ताई आल्या होत्या. फोनवर भिंतीचं माप घेतलं, तेवढ्या मापाचं कपाट सांगितलं आणि कपाट आलं तेव्हा ते तीन इंच जास्त निघालं. सुतारानं टेप लावून दाखवली. ताई माझ्यावर नाराज, कारण फोन आमच्याकडचा. मी त्यांना दुकानातच करून दाखवलं. आमच्या पांढऱ्या, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर फोन धरला तर मापाची रेघ सारखी हलायची. मग मी खाली वर्तमानपत्राची दोन पानं उलगडून ठेवली आणि पुन्हा मोजलं. रेघ जागच्या जागी थांबली.

कारण असं, की कॅमेरा समोरच्या दृश्यात खुणेचे ठिपके शोधत असतो. कोपरे, डाग, अक्षरं, लाकडाच्या रेघा. तुम्ही हललात की ते ठिपके किती सरकले त्यावरून अंतर कळतं. पांढऱ्या गुळगुळीत टाइलवर ठिपके सापडतच नाहीत आणि सापडलेच तर ते वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब असतं. तुम्ही चालता तसं तेही चालतं, आणि फोन फसतो. जुन्या वाड्यातल्या शहाबादी फरशीवर हाच फोन उत्तम चालतो, कारण तिच्यावर रंगांच्या छटा असतात, खड्डे असतात, सांधे असतात.

तेव्हा घरी मोजताना खाली चटई किंवा पेपर टाका, दिवा लावा, आणि सुरुवातीला फोन हळूहळू आडवा सरकवा. एका जागी उभं राहून नुसतं गरगर फिरवू नका. अंतर कळायला फोन जागेवरून हलावा लागतो. आणि सुताराला सांगायचं माप मात्र टेपनंच घ्या. साधा फोन चार-पाच फुटांत दोन-तीन इंच सहज चुकतो.

अजून एक. मागे लोहचुंबक असलेलं कव्हर काढून पाहा. त्यानं कंपास भलतीकडे वळतो आणि रस्ता दाखवणारे बाण उलटे दिसतात. फोन जोरात आपटलेला असेल तर कॅमेऱ्याची थरथर थांबवणारी यंत्रणा बिघडते, आणि मग चित्रच थरथरत असल्यानं एआरही थरथरतं. हे मात्र दुरुस्तीचं काम.

लायडारसाठी जास्त पैसे मोजावेत का?

लायडार हा अंतर मोजणारा सेन्सर. तो न दिसणारे लेझरचे ठिपके सोडतो आणि ते आदळून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. म्हणून त्याला पांढरी फरशी अडवत नाही, अंधार अडवत नाही. साधारण पाच मीटरपर्यंत तो चांगलं काम करतो. आयफोनमध्ये तो २०२० च्या १२ प्रोपासून आहे, पण फक्त प्रो फोनांत.

तुम्ही इंटिरियरचं काम करत असाल, जागा मोजून नकाशे काढत असाल, तर घ्या, पैसे वसूल होतात. घरच्या वापराला गरज नाही. असा खास सेन्सर घालायचा प्रयोग आधीही झाला होता. गूगलच्या टँगो या एआर यंत्रणेसाठी २०१६ मध्ये लेनोव्होचा फॅब २ प्रो आला, मोठा थोरला, मागे अंतर मोजणारा कॅमेरा. पुढच्याच वर्षी ॲपल आणि गूगल दोघांनी साध्या कॅमेऱ्यावर एआर चालवून दाखवलं आणि १ मार्च २०१८ ला टँगो बंद झालं. सॅमसंगनं एस २० प्लस आणि अल्ट्रामध्ये अंतर मोजणारा सेन्सर दिला, एस २१ मध्ये काढून टाकला. खास सेन्सर येतात आणि जातात. चांगला कॅमेरा आणि खरा जायरो कायम उपयोगी पडतात. मी गिऱ्हाइकाला एआरसाठी म्हणून महाग फोन घ्यायला सांगत नाही, त्याचं कारण हेच.

एआरला ५जी लागतं का?

नाही. एआरची आकडेमोड फोनमध्येच होते. नेट लागतं ते वस्तूचं थ्रीडी मॉडेल उतरवून घ्यायला आणि नकाशाला. ४जीवर छान चालतं.

पाच मिनिटांत फोन तापतो, बॅटरी उतरते. चालायचंच का?

थोडंफार चालायचंच. कॅमेरा, स्क्रीन, सेन्सर आणि चित्र काढणारी चिप, चौघं एकाच वेळी पूर्ण जोर लावतात. तापलं की फोन स्वतःहून वेग कमी करतो आणि चित्र अडखळतं. एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात उभं राहून वापरलंत तर तीन मिनिटांत ही वेळ येते. कव्हर काढा, चार्जिंगला लावून वापरू नका. फोनची पाठ फुगल्यासारखी वाटली, डिस्प्लेची कड उचललेली दिसली, तर मात्र फोन तसाच बंद करा आणि बॅटरी बदला. हे एआरचं दुखणं नाही, जुन्या बॅटरीचं आहे, आणि ते अंगावर काढू नये.

बाजार कसा चाललाय? आत्ता घेऊ की थांबू?

भारतात वर्षाला साधारण १४ ते १६ कोटी स्मार्टफोन जातात आणि गेली काही वर्षं हा आकडा तिथेच घुटमळतो आहे. लोक फोन जास्त दिवस वापरतात, आणि घेतात तेव्हा जरा वरचा घेतात. मला हे चांगलं लक्षण वाटतं.

नावं मात्र भराभर बदलली. काउंटरच्या काचेखाली नोकियाची जागा मायक्रोमॅक्सनं घेतली. २०१४ ला शाओमी आली आणि तीन-चार वर्षांत पहिल्या क्रमांकावर गेली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि ज्यांच्याकडे बटणांचा फोन होता तेही स्मार्टफोन मागू लागले. अलीकडे विवो पुढे आहे. आपल्या पुणेकरांना लागलेली गोष्ट म्हणजे एलजी. रांजणगावला त्यांचा मोबाइल बनवण्याचा कारखाना २००५ मध्ये सुरू झाला होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये कंपनीनं जगभरातला मोबाइलचा धंदाच बंद केल्याचं जाहीर केलं. रांजणगावला त्यांचे टीव्ही-फ्रिज बनतात, फोन नाही. आज भारतात फोन मुख्यतः नोएडा आणि तमिळनाडूकडे जुळतात.

किमतीचं सांगायचं तर २०२० च्या एप्रिलपासून मोबाइलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. २०२५ च्या सप्टेंबरात बऱ्याच वस्तूंचा कर उतरला, मोबाइलचा उतरला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीला मेमरी चिपचे भाव चढले, कारण एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरना तीच मेमरी हवी आहे. त्यामुळे "दिवाळीपर्यंत थांबलो तर स्वस्त होईल" हा जुना हिशोब सध्या धरू नका. फोन चालत असेल तर वापरा. चालत नसेल तर स्वस्ताईच्या आशेनं थांबू नका.

घेताना एआरच्या आधी एक विचारा, अपडेट किती वर्षं मिळणार? गूगलनं पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं एस २४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे. स्वस्त फोनांत ते दोन-चार वर्षांत संपतं. अपडेट थांबले की आधी बँकेची ॲप्स कुरकुर करतात, एआर तर फार पुढची गोष्ट.

जुना फोन घेतला तर?

जरूर घ्या. तीन वर्षांपूर्वीचा वरच्या वर्गातला फोन आजच्या नव्या स्वस्त फोनपेक्षा एआरला सरस पडतो. पण *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, पाहा. मग मोठ्या इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर कळतं. बिलाशिवाय घेऊ नका. कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

चष्मे येणार म्हणतात. मग फोन कशाला घ्यायचा?

हे मी २०१३ पासून ऐकतो आहे. तेव्हा गूगल ग्लास १५०० डॉलरला होता. २०१५ च्या जानेवारीत त्याची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ३४९९ डॉलरला आला. चित्र सुरेख, पण डोक्यावर सहाशे ग्रॅमहून जास्त वजन. मेटाचे रे-बॅन चष्मे २०२५ च्या मे महिन्यात भारतात २९,९०० रुपयांपासून आले आणि लोक "एआर चष्मा" म्हणून विचारू लागले. त्यात कॅमेरा आहे, स्पीकर आहे, पण काचेवर काहीही दिसत नाही. म्हणजे तो एआर नव्हेच. काचेवर दिसणारं मॉडेल मेटानं त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत ७९९ डॉलरला काढलं. दिशा ठरली आहे हे खरं. पण यातला बहुतेक माल अजूनही खिशातल्या फोनशी जोडूनच चालतो.

हे चष्मे घालून दुसऱ्याच्या घरात, देवळात, दवाखान्यात जाताना समोरच्याला आधी सांगा. रेकॉर्डिंग चालू असताना छोटा दिवा लागतो, पण आपल्या आजीला तो दिवा कशाचा हे कळणार नाही.

पुण्यात याचा खरोखर काय उपयोग?

मंडईच्या भुयारी मेट्रो स्टेशनातून वर आलात की क्षणभर दिशाच कळत नाही. जमिनीखाली जीपीएस नव्हतं, वर आल्यावर फोन तुम्हाला दोन गल्ल्या पलीकडे दाखवतो, कारण दाट इमारतींवर आपटून सिग्नल येतो. गूगल मॅप्समध्ये चालत जायचा रस्ता निवडा आणि 'लाइव्ह व्ह्यू'चं बटण दिसलं तर दाबा. कॅमेरा समोरच्या इमारतींवर धरला की रस्त्यावरच बाण उमटतात. पेठांत परगावच्या पाहुण्यांना मी हेच सांगतो.

फोनला ती इमारत ओळखू येते, कारण कुणीतरी आधी तिचे फोटो काढून ठेवले आहेत. रस्त्यांवर गाडी फिरवून असे फोटो काढणारं गूगलचं 'स्ट्रीट व्ह्यू' आपल्याकडे बरीच वर्षं अडलं होतं. २०२१ मध्ये नकाशांचे नियम सैल झाले आणि २०२२ च्या जुलैत ते दहा शहरांत सुरू झालं. त्यात पुणे, नाशिक आणि अहमदनगर होतं. म्हणजे एआर तुमच्या फोनइतकंच तुमच्या गल्लीवरही अवलंबून आहे. ज्या गल्लीत ती गाडी शिरली नाही, तिथे महागडा फोनही चाचपडतो. गणेशोत्सवात मांडव उभे राहिले, कमानी लागल्या, की ओळखीचा रस्ताही फोनला परका होतो. दहा दिवस तोंडानं विचारत जा.

माझ्या मनातली खरी जागा शनिवारवाडा. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला तो वाडा १८२८ च्या आगीत गेला. आत गेलं की जोती, कारंजी आणि हिरवळ. मुलं विचारतात, "वाडा कुठाय?" त्या जोत्यावर फोन धरावा आणि मजल्यावर मजला उभा राहावा, यासाठी लागणारं तंत्र आज वीस हजारांच्या फोनमध्येही आहे. अडतं ते वाड्याच्या थ्रीडी मॉडेलवर. कागदपत्रांतून जे माहीत आहे ते एका रंगात आणि अंदाजानं भरलेलं दुसऱ्या रंगात, असं कुणी प्रामाणिकपणे करायला हवं. नाहीतर मुलं कल्पनेलाच इतिहास समजतील.

मुलीला हे शिकायचंय. कुठून सुरुवात करू?

ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते आज रात्रीच लॅपटॉपवर उतरवा. ॲप बनवायला युनिटी, आणि त्यासाठी सी-शार्प भाषा. ब्राउझरमधलं करायचं तर जावास्क्रिप्ट. कोर्सची फी भरण्याआधी घरातली एक वस्तू फोटोंवरून थ्रीडी करून पाहू द्या.

माझ्या भाचीनं तांबट आळीतला, तांब्यावर ठोके मारून केलेल्या मठारकामाचा एक गडू निवडला. सगळीकडून साठ-सत्तर फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर तयार झाला तो चेपलेला, भोकं पडलेला गोळा. ती रडवेली झाली. तांबं चकाकतं, प्रत्येक फोटोत त्या ठोक्यांवर वेगळंच प्रतिबिंब, मग सॉफ्टवेअरला सारखे ठिपके सापडणार कसे? फरशीचंच दुखणं. दुसऱ्या दिवशी तिनं गडूवर टाल्कम पावडर हलक्या हातानं पसरली, सावलीत ठेवून पुन्हा फोटो काढले, आणि एकेक ठोका मोजता येईल असं मॉडेल निघालं. रंग तिनं नंतर भरला. हिंजवडीतल्या मुलाखतीला गेली तेव्हा तिनं सर्टिफिकेटच्या आधी हा गडू समोरच्या टेबलावर उभा करून दाखवला.

फोन दाखवायला आणला तर तपासून द्याल का?

हो, त्याचे पैसे घेत नाही. येताना फोन निम्म्याहून जास्त चार्ज केलेला असू द्या, चुंबकाचं कव्हर घरी ठेवा, आणि घरातली जी जागा मोजायची आहे तिच्या फरशीचा एक फोटो काढून आणा.